काकू पाठ टेकेनात

समाधानदादाचं विमान जवळजवळ झालं होतं. पंख होते, इंजिन होतं, शेपटी तर पहिल्याच वर्षी झाली होती आणि तिच्यावर काकू गोधड्या वाळत घालायच्या. राहिल्या होत्या फक्त दोन सीटांच्या पाठी.

विमान खोक्यांतून सुटं आलं होतं. गंगापूर रोडच्या मागे, आमच्या मळ्यातल्या झेंडूच्या शेडमध्ये दादा ते जोडत होता. दादा सातपूरला फिटर. मी त्याचा चुलतभाऊ, बी.कॉम.ला होतो, म्हणजे मोकळाच होतो.

उडवायची परवानगी सरकार देणार होतं आणि धावायला जमीन चिमाजीकाका, म्हणजे दादाचे वडील. त्या मानाने सरकार सोपं होतं. शेडसमोरची लांब पट्टी काकांनी दादासाठी रिकामी ठेवली होती, पण आता दसऱ्याच्या झेंडूची रोपं लावणीला आली होती.

"तुझी आई त्यात नीट टेकून बसली आन बरं हाय म्हणली, तर पट्टी तुझी," काका म्हणाले. "नाय तर सोमवारी रोपं लावतो. झेंडू निदान वर तरी येतो."

दादाने पत्रा कापला, कडा वळवल्या, मागून पट्ट्या रिव्हेटने मारल्या. खाली लांब बिजागरी, मागे टेकू. टेकू ज्या खाचेत बसवाल तशी पाठ उभी किंवा आडवी. गादी शिवली पिंपळगाव बसवंतच्या झिपरूभाऊंनी. त्यांचा जन्म टेम्पोच्या सीटा शिवण्यात गेलेला, त्यामुळे लाल रेक्झिन, पिवळी किनार आणि खाली गोंडे. पाठीच्या मागच्या बाजूला 'आईचा आशीर्वाद'.

"भाऊ, हे वाचणार कोण?" दादाने विचारलं.

"मागून येणारा," भाऊ म्हणाले.

रविवारी नवसाकाकू बसल्या. डोक्यावर पदर, अंग ताठ. त्यांची पाठ आणि सीटची पाठ यांत एक वीत अंतर.

"आई, टेक ना."

"टेकलेच हाय की."

"हवेला टेकलीयेस."

दादाने टेकू एक खाच पुढे घेतला. काकू तेवढ्याच पुढे सरकल्या. त्याने आणखी एक घेतली, काकू आणखी सरकल्या. असं करत शेवटी सीटची पाठ जवळजवळ दुमडली आणि काकूंचं नाक होकायंत्राला लागलं. अंतर वीतभरच राहिलं. काका पट्टीच्या टोकाला रोपांची पाटी घेऊन उभे होते.

तेव्हा माझं दाराकडे लक्ष गेलं. दारात बाजेवर गेणूबाबा बसले होते, आमचे आजोबा, म्हणजे काकूंचे सासरे. सासऱ्यांसमोर काकू लग्न झाल्यापासून कशाला टेकल्याच नव्हत्या. भिंतीला नाही, खांबाला नाही. एकदा बाबा बरोबर होते म्हणून मनमाडपर्यंत एसटीत ताठ गेल्या होत्या.

आम्ही बाज फिरवली. बाबा उठून उलटे बसले. आम्ही मधे गोणपाट टांगलं.

"मामंजी पलीकडं हायेत हे ठाऊक हाय ना मला," काकू म्हणाल्या.

दादा बाबांकडे गेला. "बाबा, तुम्हीच सांगा तिला टेकायला."

"मी? सुनेला? टेक म्हणून?" बाबा म्हणाले. "मंग उद्या पाय पसर म्हणू का?" आणि आपल्यावाचून काय चाललंय ते बघायला उठले, आले, आणि दुसऱ्या सीटवर चढून बसले. आता सासरा-सून शेजारी-शेजारी. काकू सीट सोडून खाली बसल्या. दादा पंखाखाली जाऊन आडवा झाला.

बाबांना सासरा वगैरे कोणी नव्हता. ते सरळ टेकले. रेक्झिन कुरकुरलं, आणि थोड्याच वेळात शेडमध्ये घोरण्याचा आवाज भरला.

काकूंनी कानोसा घेतला. झोपलेला सासरा समोर आहे असं धरत नाहीत, असा काहीतरी नियम असावा. त्या उठून सीटवर बसल्या. मग हळूहळू, गरम तवा चाचपावा तशा, मागे गेल्या. गोंडे हलले. पाठ टेकली.

"बरं हाय का?" काकांनी लांबून विचारलं.

काकू झोपल्या होत्या.

"उठवू का?" दादा कुजबुजला.

"हात तर लाव," काका म्हणाले. "दुपारची झोपलेली मी तिला कधी पाह्यली नाय." आणि पाटी खाली ठेवून ते पट्टीतच बसले.

संध्याकाळी बाबा खोकले, तशा काकू ताठ झाल्या. "बरं हाय," म्हणाल्या आणि फुलं तोडायला गेल्या. काकांनी रोपं विहिरीकडच्या वावरात लावली.

पट्टी दादाची झाली. यथावकाश परवानगीही आली. पण दादाला सुट्टी रविवारची, आणि रविवारी ते दोघं जेवण झालं की विमानात जातात. आधी बाबा, मग घोरणं, मग काकू. सकाळीही जागा राखायला बाबा बसलेलेच असतात.

गेल्या आठवड्यापासून दादा स्वतःसाठी तिसरी पाठ बनवतोय. विमान दोनच सीटांचं आहे, हे मी त्याला सांगून पाहिलं.

"पत्र्याचं ते टोक धर," तो म्हणाला, "आणि हळू बोल."