सहा चौकटी आणि माझा सूड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि डूख धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझी पितळी मान वाकलेली पाहून मला गरीब समजू नका.

माझी भिंगे घासणारा कारागीर म्हणाला होता, "याच्यातून डासाच्या पायाचा घामसुद्धा दिसेल." डासाला घाम येतो हे मलाही तेव्हाच कळले. पुढे मी एका दवाखान्यात, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी, मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आलो. कुणाच्या गळ्याला गाठ आली की बारीक सुईने तिच्यातल्या पेशी काढत, काचेवर पसरून रंगवत आणि माझ्याखाली ठेवत. मी दाखवायचे, डॉक्टरांनी लिहायचे. पाहुणे आले की "हा माझा तिसरा डोळा" म्हणून ते मला थोपटत.

दाखवण्यात मी कधी कसूर केली नाही. लिहिण्यात मात्र ते पक्के लबाड. गाठ कसलीही असो, शेवटी एक वाक्य ठोकून देत: "गंभीर आजार नाकारता येत नाही." उद्या काही निघालेच, तर हे हात वर करायला मोकळे! जुने सर्जन त्यांची खोड ओळखून होते. ते हसून सोडून देत. ते निवृत्त झाले, नवे आले. नव्यांनी ते वाक्य खरे मानले.

नेमकी तेव्हा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या एका ताईंची काच माझ्याखाली आली. गाठ अगदी साधी. मी ती लख्ख दाखवली. डॉक्टरांनी तेच वाक्य लिहिले, सर्जननी गाठीसकट गळ्यातली थायरॉइड ग्रंथीच काढली आणि त्यात ताईंच्या आवाजाची नस दुखावली.

चार महिन्यांनी ताई आल्या.

"काढलेली गाठ साधी निघाली," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मग सुईच्या तपासात तुम्हाला काय दिसलं होतं?"

"लिहिलंय ना रिपोर्टमध्ये."

"त्यात काहीच लिहिलेलं नाही हो. म्हणून तर आले."

"हे बघा बाई, कामाच्या वेळी वाद नको."

ताई परत गेल्या. आता त्यांना तिकीटखिडकीत बसवले होते. मी शपथ घेतली: या डॉक्टरांच्याच हातून ताईंचे उत्तर लिहून घेईन, तरच नावाचा सूक्ष्मदर्शक!

मग डॉक्टर वाकले की मी भिंगावर वाफ धरू लागलो. एकदा डोळ्याभोवती असे काळे कडे उमटवले, की दिवसभर दवाखाना तोंड दाबून हसत होता. पण असल्या चिमट्यांनी माझे पोट भरेना.

एके दिवशी त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी एक छापील फॉर्म आणला. त्यात सहा चौकटी. पहिली, नमुना अपुरा. दुसरी, गाठ साधी. मग संशय पायरीपायरीने वाढत सहावी, कर्करोग. प्रत्येकीसमोर पुढे काय करायचे तेही छापलेले. मोठे डॉक्टर म्हणाले, "ही काय लॉटरी आहे?" आणि फॉर्म खणात कोंबला.

महिनाभरात त्यांच्याच गळ्याला गाठ आली. ती मी आणली असे मी म्हणत नाही. कुणी म्हटले तर अडवतही नाही.

डॉक्टरीणबाई त्यांची काच पाहत होत्या. ते शेजारी घाम पुसत बसले होते. "अगं, मोजतेस काय? टाक ना आपलं नेहमीचं वाक्य."

"नाकारता येत नाही, हे?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नको! ते नको."

"मग फॉर्म भरते. दहा-दहा पेशींचे किमान सहा पुंजके लागतात, सर. पाचच आहेत. चौकट पहिली. परत सुई."

सहावा पुंजका कुठे गेला, ते मी मरताना सांगेन.

दुसऱ्या सुईच्या वेळची "आई गं!" बाहेर बाकांवर ऐकू गेली, दोन रोगी चपला टाकून पळाले. या वेळी निकाल आला, चौकट दुसरी. डॉक्टरांनी तो कागद आठदा वाचला. मग काचांचे कपाट उघडले, ताईंची काच शोधली आणि माझ्यावर वाकले. मी वाफ धरली नाही.

"दुसरी चौकट ना, सर?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"हो. तेव्हाही दिसलं होतं मला."

त्यांनी फॉर्म भरला, सही केली आणि ताईंना बोलावून घेतले. ताईंनी तो बाहेर बाकावरच बसून वाचला.

"म्हणजे कापायचं कारण नव्हतं."

"नव्हतं."

"मग मोठ्यानं वाचा, या सगळ्यांसमोर. माझ्यानं आता होत नाही."

भरल्या बाकांसमोर मोठ्या डॉक्टरांनी तो फॉर्म वाचला, स्वतःच्या नावासकट. मी खिडकीतून एकेक शब्द चघळत ऐकला.

आता म्हातारपणी मी कपाटात असतो, मित्रांनो. अधूनमधून माझी भिंगे मऊ फडक्याने पुसत जा. आणि जे दिसले ते सरळ लिहा. माणसे तुमच्या अक्षरावर आपला गळा ठेवतात. टाळाटाळ केलीत, तर माझी वाफ अजून संपलेली नाही.