बाहेरून गार

मित्रांनो, मी एक जुनी, दुहेरी भिंतीची, स्टीलची पाण्याची बाटली आहे. 'थंड पाणी थंड, गरम पाणी गरम' असं माझ्या पोटावर छापलं होतं. ती अक्षरं आता अर्धी खरवडली गेली आहेत. उरलेली अर्धीही खोटी आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्या आयुष्यात जे काही बिघडलं ते कुणी वेळेवर न सांगितल्यामुळेच बिघडलं.

मला घडवताना एका बाटलीच्या आत दुसरी बाटली बसवली आणि दोघींच्या मधली हवा यंत्राने ओढून काढली. मग बुडाला टाका घालून ती फट कायमची बंद केली. त्या फटीत काहीही नव्हतं, आणि तेच माझं सगळं भांडवल होतं. बाहेरचं ऊन आत जायला वाट नाही, आतला गारवा बाहेर यायला वाट नाही. माझ्यात बर्फ भरून मला हातात धरलं, तरी हाताला काहीच कळायचं नाही.

दुकानात माझ्या शेजारी साध्या, एकेरी भिंतीच्या बाटल्या होत्या. एके दिवशी एक बाबा आणि त्यांची लेक आमच्यापुढे येऊन उभे राहिले. बाबा क्रेन चालवायचे. उंच इमारती बांधताना आभाळात हात पसरून उभी असते ना, ती क्रेन. सकाळी शिडी चढून वरच्या काचेच्या खोलीत बसायचं ते काम संपल्यावरच खाली उतरायचं. बरोबर नेलं असेल तेवढंच पाणी.

बाबांनी साधी बाटली उचलली. "ही बरी आहे. हलकी आहे. शिडी चढायची असते मला."

"आणि दुपारी?" लेक मला उचलून म्हणाली. "त्या काचेच्या डब्यात पाणी तापतं, मग तुम्ही पीत नाही. काल भरलेली बाटली तशीच घरी आणलीत."

"पण हिच्यात कमी मावतं गं. वर वजन केवढं!"

"कमी मावेल, पण पोटात तरी जाईल."

दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "दोन्ही चांगल्या आहेत." असल्या उत्तराचा मला मनापासून संताप येतो. चांगल्या म्हणजे कशासाठी? चढण्यासाठी की तहानेसाठी? शेवटी लेकीने मला घेतलं. तिचा पहिला पगार झाला होता, त्यामुळे बाबांनी हातातली साधी बाटली परत ठेवली.

पहिले काही महिने मी माझं काम चोख केलं. भर दुपारी बाबा झाकण उघडायचे, तेव्हा आत बर्फाचे तुकडे अजून खुळखुळत असायचे. क्रेनच्या खाली इशारे द्यायला त्यांचा एक दोस्त असे. सगळे त्याला शिट्टी म्हणत. बाबा वॉकीटॉकीसमोर मला हलवून तो खुळखुळाट त्याला ऐकवायचे. "पुरे कर, जळवू नकोस!" असं शिट्टी खालून ओरडला की बाबा लहान मुलासारखे हसायचे.

मग मी पडले. शिडीच्या मधल्या टप्प्यावर बाबा दम घ्यायला थांबले आणि पिशवी कठड्याला अडकवली. पिशवीचा बंद सुटला आणि मी खालच्या लोखंडी फळीवर बुडावर आदळले. बाबांनी खाली उतरून मला उचललं, फिरवून पाहिलं, बुडाचा पोचा अंगठ्याने चाचपला. पाणी गळत नव्हतं. "वाचली," ते म्हणाले.

कुठली वाचली! टाका उकलला होता. मधल्या फटीत हवा शिरली होती. मी आता दुहेरी बाटलीइतकी जड होते आणि एकेरीइतकीच कामाची. दोन्हींकडचं वाईट तेवढं माझ्याकडे आलं होतं. आणि वरून मी पूर्वीसारखीच चकचकीत.

मला बोलता येत नव्हतं, पण मी गप्प बसले नाही, मित्रांनो. दुसऱ्या सकाळी बर्फ भरताच मला बाहेरून दरदरून घाम फुटला. यापेक्षा स्पष्ट मी काय सांगणार? गारवा बाहेर पळतोय, एवढंच तो घाम ओरडून सांगत होता. कामावर पोचल्यावर बाबांनी मला शिट्टीच्या गालाला लावलं.

"अरे वा!" शिट्टी म्हणाला. "बाहेरूनच एवढी गार! आत तर बर्फाचा डोंगर असेल."

"लेकीने घेतलीय," बाबा छाती फुगवून म्हणाले.

माझ्या आजाराचं असं कौतुक झालं. घरी आई कपडे शिवायची. सकाळी भरून तिच्या शिवणाच्या टेबलावर मला ठेवलं की खाली ओलं वर्तुळ उमटायचं. "अहो, ही बाटली पुसून ठेवत जा ना, गिऱ्हाइकाचं कापड भिजलं," ती करवादायची. पूर्वी असं वर्तुळ का पडत नव्हतं, हा प्रश्न त्या घरात एकालाही पडू नये? मी रोज घाम गाळत होते आणि ती माणसं रोज मला पुसत होती.

दुपारपर्यंत माझ्यातलं पाणी आंघोळीला घ्यावं इतकं कोमट व्हायचं. बाबा एक घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि झाकण लावायचे. आधी त्यांनी उन्हाला दोष दिला. मग बर्फ वाढवला. बर्फ वाढला तसं पाणी आणखी कमी मावू लागलं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण ते मला हातात घेऊन बुडाचा पोचा बघत बसायचे. पण संध्याकाळी लेकीने विचारलं की उत्तर ठरलेलं: "एकदम फर्स्टक्लास!" मग ती दिसायच्या आत उरलेलं पाणी मोरीत ओतायचे. माझा जीव नुसता तडफडायचा.

उन्हाळा भरात होता. क्रेनच्या गळाला लोखंडी सळ्यांचा भारा लटकत होता आणि खाली माणसं काम करत होती. बाबांनी सकाळपासून जेमतेम ओठ ओले केले होते. मी त्यांच्या पायाशी होते. क्रेनच्या दांड्यावर त्यांचा हात आखडला. बोटं वळली, सरळ होईनात. त्यांनी डोळे घट्ट मिटून उघडले.

"शिट्टी," ते वॉकीटॉकीवर म्हणाले, "खालची माणसं हटव. सगळी."

"का रे? काय झालं?"

"हटव आधी. डोकं गरगरतंय माझं. भारा टेकवतोय."

खालून शिट्टीवर शिट्टी ऐकू येऊ लागली. बाबांनी तो भारा इंचाइंचाने उतरवला. ओठ दाताखाली दाबले होते, त्यातून रक्त आलं. भारा जमिनीला टेकला, बाबांनी क्रेन बंद केली आणि ते खुर्चीतच एका बाजूला कलंडले.

शिट्टी धापा टाकत वर आला. त्याच्या पाठीला साधी, एकेरी भिंतीची बाटली होती, ओलं फडकं गुंडाळलेली. त्याने ते फडकं बाबांच्या मानेवर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी त्यांना थोडं थोडं पाजलं. मग त्याने मला उचललं आणि तो चमकला.

"ही भरलेलीच आहे की! प्यायला नाहीस?"

"पिववत नाही रे. कोमट होतं."

"मग घरी सांगायचं नाही का?"

"कसं सांगू?" बाबा पुटपुटले. "केवढ्या हौसेने घेतलीय तिने."

डॉक्टरांनी बाबांना घरी विश्रांती घ्यायला सांगितलं. लेकीने त्यांच्यासाठी चहा केला आणि गरम राहावा म्हणून माझ्यात ओतला. मला उचलताच तिने हात झटकला. बाहेरून मी चटका बसावा इतकी तापले होते. तिने मला फडक्यात धरून उलटं केलं. पोचा दिसला.

"बाबा, ही कधी पडली?"

"मागेच. शिडीवरून," बाबा म्हणाले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि तुम्हाला वर काही झालं असतं, तर मला बरं वाटलं असतं?" तिचा आवाज चिरकला. आईने शिवणयंत्र थांबवलं. मग लेक रडली, बाबाही रडले, आणि मी मधे चहा गार करत उभी होते. त्यांना कुशीत घेऊन धीर द्यावा असं वाटत होतं; पण माझ्याकडून साधा चहा सांभाळला जात नव्हता.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा दुकानात गेले. या वेळी बाबा मोकळेपणाने बोलले. त्यांनी मोठी, हलकी, साधी बाटली घेतली. सकाळी ती घेऊन ते वर चढतात, आणि दुपारी शिट्टी दोरीला पिशवी बांधून ताजं गार पाणी वर पाठवतो. लेकीने स्वतःसाठी दुहेरी भिंतीची लहान बाटली घेतली. ती खुर्चीत बसून काम करते, तिला शिडी चढायची नसते. इतकी साधी गोष्ट! हे पहिल्याच दिवशी बोलून झालं असतं.

आई मला मामांना देऊन टाकणार होती. "नव्यासारखीच आहे," ती म्हणाली. मामा ट्रक चालवतात. मी धसकले. पण लेकीने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि रंगाने माझ्या पोटावर ठळक लिहिलं, 'बिघडलेली आहे.' मामांनी ते वाचलं आणि हसून मला टेबलावर ठेवलं. आता आईच्या लांब कात्र्या आणि मोजपट्ट्या माझ्यात असतात.

मित्रांनो, बाटली घेताना आधी आपलं काम काय ते बघा, मग बाटली बघा. ती पडली, तर बर्फ घालून बाहेरून हात लावा; गार लागली, तर ती बिघडली. आणि जी वस्तू किंवा जी गोष्ट सहन होत नाही, ती प्रेमापोटी लपवू नका. तोंड मलाही आहे, पण त्यावर झाकण आहे. तुमच्या तोंडावर कुणी लावलंय?