देवपूरच्या काठावरची शिवी

"नाटकवाल्या बाईला पाठ केलेलं बोलता येतं, स्वतःचं नाही," असं रतिलालशेठ माझ्या तोंडावर म्हणाले. वर हसले! धुळ्यातल्या त्यांच्या कापसाच्या पेढीवर, पांढऱ्याशुभ्र गादीवर बसून, खादीची टोपी सारखी करत. माझं डोकं असं काही फिरलं की समोर ठेवलेलं पाणीसुद्धा न पिता मी उठले.

मी झुंबरबाई पहूरकर. संगीत मंडळी माझी. पडदे माझे, पेटी माझी, बैलगाड्या माझ्या आणि राणीचं कामही माझंच. आई पहूरची म्हणून नाव पहूरकर, बाकी पहूरला आमचं घर नाही की दार नाही. रावेरपासून धुळ्यापर्यंत तंबू ठोकायचे, खेळ करायचे, पुढच्या गावाला निघायचं. वीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलले. तेही आधी पोलिसांच्या कचेरीत जाऊन आलेलं. नाटकाची वही तिथं द्यायची, ते लाल पेन्सिलीनं काटछाट करणार, मग परवानगी. 'गुलामी' गेली, 'मायभूमी' गेली. एकदा राणी झोपलेल्या नोकराला 'जागा हो' म्हणते, तेही खोडलं. मग काय, राणीनं त्याला अंगाई म्हणायची?

बत्तीस सालच्या फाल्गुनात धुळ्यात आमचा खेळ चालला होता. पहिल्या रांगेत फौजदार, मांडीवर वही, ओळीवर बोट. कोकणातून नुकताच बदलून आलेला, फार काटेकोर माणूस. त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या देवपूरची चार पोरं झेंडा घेऊन निघाली म्हणून फटके खाऊन आली होती. त्यांच्या पाठी मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. दरबाराच्या प्रवेशात उभी राहिले आणि राणीचं भाषण तोंडातून निघेचना. निघालं ते भलतंच.

"हा कापूस आमच्या काळ्या जमिनीतला," मी म्हटलं. "पिकवतो आम्ही, नेतात ते, आणि आमचंच धोतर आम्हाला विकतात. वर विचारतात, तुम्ही कोण? आम्ही इथले. तुम्ही कोण?"

बास, एवढंच. फौजदाराचं बोट वहीवर थांबलं. मग ते पुढची ओळ शोधायला लागलं, मग मागची. लोकांनी तंबू डोक्यावर घेतला आणि मी, चाळीशीची बाई, त्यांच्याकडे बघत उभी होते. माझं स्वतःचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी हुकूम आला. पश्चिम खानदेशात एक वर्ष नाटक बंद, सभेत भाषण बंद. सुटायची वाट एकच. 'ते शब्द माझे नव्हेत' असं लिहून सही करायची, की परवानगी परत.

"करून टाका, अक्का," पेटीवाला तोताराम म्हणाला. मंडळी सुरू झाली तेव्हापासून तो माझ्याबरोबर होता. "सोळा माणसं आहेत आपली. सही म्हणजे काय, शाईचा फराटा. नाहीतर जळगावकडे, पूर्व खानदेशात जाऊ, तिकडे हा हुकूम लागत नाही."

"जन्मात पहिल्यांदा माझं म्हणून काही बोलले, आणि तेच माझं नाही म्हणून लिहून देऊ? मेले तरी देणार नाही. आणि इथून उठले तर म्हणतील, बाई घाबरली."

तोताराम पेटी पुसायला लागला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असा पेटी पुसत बसला की मला जास्त राग येतो.

म्हणून मी रतिलालशेठकडे गेले होते. शेठ चोरूनमारून स्वराज्याच्या सभा भरवायचे. हुकूम मोडायचाच तर चारचौघांत मोडावा, त्यांच्या सभेत मोडावा, असं माझ्या मनात होतं. तर ते पाठांतराचं घेऊन बसले. खरं कारण निराळं होतं हो! नाटकातली बाई व्यासपीठावर बसली तर घरंदाज बायका उठून जातील, ही भीती. त्यांनी ते सांगितलं नाही, पण मला काय कळत नाही? सरकारनं तोंड बांधलं होतं, आणि आपल्याच माणसांनी वरून गाठ मारली.

दोन महिने तसेच गेले. आखाजीच्या आदल्या दिवशी देवपूरची बेबाबाई आमच्या तंबूत आली. शेतकरीण, हाडापेरानं मजबूत, तोंडाची फटकळ. ओळख ना पाळख, आली ती थेट खाटेवर बसली.

आता आखाजी म्हणजे काय ते खानदेशातल्या बाईला विचारा. अक्षय्य तृतीया तुमची, आखाजी आमची. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराई मांडतात. आणि गौराई बोळवायला पांझरा नदीवर गेल्या की धुळ्याच्या बाया या काठाला, देवपूरच्या त्या काठाला, मधे गुडघाभर पाणी. मग सुरू होतात शिव्या. नवरा, सासू, भाकरी, कालवण, काही सुटत नाही. पुरुष त्या दिवशी नदीकडे फिरकत नाहीत, घरी पत्ते कुटत बसतात. आणि त्या दिवशीची शिवी कोणी मनाला लावून घेत नाही.

"तीन वरीस झायात, धुळावाल्या आमनं नाक कापतस," बेबाबाई तिच्या अहिराणीत म्हणाली. "आमनी शेवंताबाई व्हती मोठा गळानी, ती वारली त्याले चार पावसाळा झायात. तुमना गळा मोठा शे. आमना काठवर उभ्या ऱ्हा."

मी हसले. "मला कोण उभं करणार, बाई? मी ना इथली लेक, ना सून."

"आखाजीले पोर माहेरले येस. तुले माहेर नई ना? मंग देवपूर तुनं माहेर. झालं!" 'तुमना' जाऊन 'तुनं' कधी आलं ते तिलाही कळलं नसेल. "आते सांग, शिव्या येतस का तुले?"

"येतात का म्हणजे!" मी म्हटलं, आणि तोंड वळवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिला दिसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी साधं लुगडं नेसून मी देवपूरच्या काठावर उभी राहिले. समोर धुळ्याची प्रमिलाबाई कमरेवर हात ठेवून तयारच होती. नदीवरचं सगळं अहिराणीतच चाललं, तुम्हाला कळावं म्हणून बरंचसं मराठीत सांगते.

"देवपूरवाल्यांनी नाटकवाली आणली व माय!" ती ओरडली. "यांच्या जिभा काय उंदरांनी खाल्ल्या?"

"तुझ्या भाकरीनं नवऱ्याचे दात पडले," मी उत्तर दिलं. "म्हणून तो गप्प असतो, आणि लोक म्हणतात किती सोशिक!"

दोन्ही काठ हसले. प्रमिलाबाईसुद्धा हसली. असं घटकाभर चाललं आणि माझा गळा मोकळा झाला. मग मी वाळूतून पुढं पाण्यात गेले.

"अगं धुळ्याच्या बायांनो, लाजा नाहीत वाटत? घरात गोरा जावई घेतलाय! खापरपणजीच्या वेळेला पाहुणा म्हणून आला. जेवला, हात धुतला, अजून जायचं नाव नाही! आपल्या कापसाच्या गादीवर लोळतो आणि आपल्यालाच विचारतो, तुम्ही कोण? रानातली काटकी उचलली तर दंड, मिठाची चिमूट उचलली तर फटके. घरजावयाची एवढी मिजास? आणि तुमचे नवरे त्याला वारा घालतात! अगं, घर तुमचं, शेत तुमचं, नदी तुमची. चूल तुम्ही पेटवता. त्याला सांगत का नाही, की ऊठ, चालता हो?"

मला वाटलं, संपलं, चुकलं. धुळ्याच्या काठावर बाया एकमेकींकडे बघत होत्या. मग प्रमिलाबाईनं पदर खोचला.

"आमना जावई? तुमना शे तो! तुम्हीच ठेवा!"

"आम्हाले नको!" बेबाबाई गरजली. "तुम्हीच न्या!"

झालं! गोऱ्या साहेबाला कोणी घेईना. या काठानं तिकडं ढकलायचा, त्या काठानं इकडं. म्हाताऱ्या पोट धरून हसत होत्या. आणि हसता हसता कधी दोन्ही काठ एकच बोलायला लागले ते कळलं नाही. शेकडो बाया एका सुरात, "चालता हो! चालता हो!" माझ्या कुठल्या खेळाला एवढी माणसं नव्हती.

हा गलबला पार कचेरीपर्यंत गेला. चिंधा हवालदार इथलाच, त्यानं फौजदाराला सांगितलं म्हणे, "साहेब, आखाजीला नदीवर पुरुष जात नाही. मी तरी येणार नाही." साहेब कसले ऐकतात! माझ्या शिव्या अजून चालूच होत्या, त्या काठावरून कानावर येतील तशा वहीत लिहून घेतल्या आणि बूट घालून वाळूत उतरले. दोन्हीकडून असा चिखल आला की माणूस ओळखू येईना, आणि टोपी गेली वाहत. तरी मला धरायला आले. मी स्वतःच हात पुढे केले, कारण बायांच्या हातात आता दगड दिसायला लागले होते.

हुकूम मोडल्याचा खटला धुळ्यातच उभा राहिला. पण फौजदाराची पंचाईत झाली. त्या गलक्यात त्याला अर्धं ऐकू आलं नव्हतं, अहिराणीतलं उरलेलं कळलं नव्हतं, आणि लिहून घेतलेली वही पांझरेत भिजली होती. म्हणून त्यानं चौदा बाया साक्षीला आणल्या. मी नेमकं काय बोलले ते त्यांनी सांगायचं होतं.

"शिव्या दिध्यात, साहेब," प्रमिलाबाई म्हणाली. "आखाजीन्या शिव्या कोन ध्यानमा ठेवस?"

दुसरी म्हणाली, तिनं काही ऐकलंच नाही. मग बेबाबाई आली. मॅजिस्ट्रेटनं गोऱ्या जावयाचं विचारलं.

"ती? ती शिवी मी दिधी."

तिच्या मागची उठली. "नई साहेब, मी दिधी." मग तिसरी. मग उरलेल्या सगळ्याच. कोर्टात हशा पिकला, मॅजिस्ट्रेट चष्मा काढून पुसत बसला. ज्या बायांना महिन्यापूर्वी माझं तोंड माहीत नव्हतं, त्या माझ्यासाठी तुरुंगात जायला निघाल्या होत्या. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू?

रतिलालशेठनं आता मात्र वकील पाठवला होता. तो माझ्या कानाशी आला. "बाई, सुटलात. पुरावाच नाही. विचारलं तर एवढंच म्हणा, मला आठवत नाही. परवानगीचंही मी बोलून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात तंबू ठोका." दाराशी तोताराम उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कागदावर काय राहणार होतं? की झुंबरबाई काही बोललीच नाही. फौजदाराला माझ्या सहीनं जे हवं होतं, तेच या बायांनी मायेपोटी करून दिलं होतं. माझं बोलणं चौदाजणींत वाटलं गेलं होतं आणि माझ्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. मला सहा महिने सक्तमजुरी झाली. मंडळी फुटली. तोताराम अमळनेरला दुसऱ्या नाटक कंपनीत गेला आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. सुटल्यावर मी गावोगाव भाषणं करत हिंडले, आणखी दोनदा आत जाऊन आले, आता देशही मोकळा झाला. सोळा माणसांच्या चुली तू विझवल्यास, असं कोणी म्हणालं तर मी मान खाली घालते. पण त्या दिवशी गप्प राहायला हवं होतं, असं म्हणणार असाल तर माझ्या दारात येऊ नका.

"आरोपीला काही सांगायचं आहे?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं. तो फाइल मिटायच्या बेतात होता.

"आहे," मी म्हटलं. "ही शिवी यांच्यापैकी कोणाची नाही. यांना माझी माया आहे म्हणून म्हणतात. ती मी दिली. तंबूत बोलले तेही माझं. मला कोणी लिहून दिलं नाही, कोणी पाठ करून घेतलं नाही. शब्द न् शब्द माझा आहे. घ्या लिहून."

वकिलानं कपाळावर हात मारला. "व माय, हाई येडी शे!" बेबाबाई मागून ओरडली आणि ढसाढसा रडायला लागली. मी तिकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर मलाही रडू फुटलं असतं. मी सुरुवात केली. काळी जमीन, कापूस, रान, मीठ, घरजावई, सगळं. नदीवर सुचलं नव्हतं तेही तिथं सुचलं. मॅजिस्ट्रेटनं दोनदा "पुरे" म्हटलं, मी पुरे केलं नाही.

कोपऱ्यात बसलेला म्हातारा कारकून भराभरा लिहीत होता. मधेच त्यानं टाक थांबवला आणि वर पाहिलं.

"बाई, जरा सावकाश," तो म्हणाला. "सगळं घ्यायचंय मला."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश.