मिरगाच्या गोळ्या

अमरावतीच्या मोरोपंत वकिलांच्या घरात कोणी आजारी पडत नसे. मोरोपंतांना मधुमेह नव्हता, त्यांना गोड आवडत नसे. त्यांच्या पत्नीला क्षय नव्हता, ती नाजूक होती आणि नाजूकपणातच वारली. थोरली अनुपमा शाळेत शिकवत चौतिशीपर्यंत बिनलग्नाची राहिली, कारण ती अभ्यासू होती. आणि मुलगा कमलाकांत शाळेच्या प्रार्थनेत दातखीळ बसून, तोंडाला फेस येऊन कोसळला तो उन्हानं. पुढं तो पौषातही उन्हानं पडू लागला, तेव्हा त्याला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मिरगी असं स्पष्ट निदान केलं आणि रोज रात्री घ्यायच्या बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. मोरोपंतांनी गोळ्या अमरावतीला आणल्या. निदान नागपुरातच ठेवलं.

गोळ्यांना मात्र निदानाची लाज नव्हती. त्यांनी आपलं काम चोख केलं. कमलाकांत शिकला, इंजिनियर झाला, सूतगिरणीत लागला, आणि एकसष्ट साली गिरणीनं त्याला नवी यंत्रं शिकायला जर्मनीला पाठवलं. तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत नेल्या होत्या. मुक्काम वाढला. मेअखेरीस त्यानं बहिणीला कळवलं, की गोळ्या जेमतेम दहा-बारा दिवस पुरतील. तिथल्या कारखान्याच्या डॉक्टरला सांगावं, तर तो उद्याच यंत्रावरून काढून घरी धाडील. न सांगावं, तर गोळ्या कोण देणार? तेव्हा ताई, कोणी येणारं असेल तर पाहा.

अनुपमाला पहिला राग भावाचाच आला. ज्या यंत्रात बाहीचं टोक गेलं तर मागोमाग माणूस जातो, त्या यंत्राशी हा गोळी न घेता उभा राहणार, पण तोंड उघडणार नाही. बापाचा मुलगा शोभत होता. पण राग जर्मनीला पाठवता येत नाही, आणि पार्सलही वेळेत पोचलं नसतं. तिनं डॉक्टरांची चिठ्ठी नवी करून घेतली, गोळ्यांची बाटली आणि चिठ्ठी एका पुड्यात बांधली, आणि जर्मनीला कोण निघालंय याचा तपास लावला.

निघाले होते खुशालराव. हिवरखेडचे बडे शेतकरी. शेतकऱ्यांचं एक शिष्टमंडळ तिकडची शेती बघायला जाणार होतं, त्यात यांची वर्णी लागली होती. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, चार दिवसांवर आलेला, तिफणी बाहेर निघालेल्या, आणि खुशालराव पेरणी मुलांवर टाकून विमानात बसणार म्हणून अकोट-तेल्हाऱ्याकडं महिनाभर दुसरा विषय नव्हता. अकोल्याला ते उतरणार होते आपल्या वकिलांकडे, म्हणजे महादेवरावांकडे. आणि घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथं. मोरोपंतांच्या धाकट्या सिंधूचं लग्न याच महादेवरावांच्या मुलाशी ठरत आलं होतं. पत्रिका जुळल्या होत्या. चिवडा-लाडू दोनदा होऊन गेले होते.

अनुपमाला दर्यापूरला मावशीकडे मुंजीला जाणं भाग होतं. जाताना तिनं पुडा वडिलांच्या हाती दिला आणि बजावून सांगितलं, की स्वतः अकोल्याला जाऊन खुशालरावांच्या हातात द्यायचा. मोरोपंत म्हणाले, वकिली करतो मी, एवढं कळतं.

ती परतली ती खुशालरावांच्या प्रस्थानाच्या दिवशीच, दुपारी. मोरोपंत आरामखुर्चीत पडून पेपर वाचत होते. काम झालं का म्हणून विचारलं तर म्हणाले, झालं, व्यवस्था झाली. पण पाण्याचा पेला घेऊन आलेली सिंधू पेला देऊन गेली नाही, तशीच उभी राहिली, आणि वडील ऐकत असतानाच तिनं सगळं सांगितलं.

मोरोपंत अकोल्याला गेलेच नव्हते. त्यांनी ट्रंक कॉल लावला होता. तिकडे फोन घेतला महादेवरावांनी. म्हणजे होणारे व्याही कानाशी, मध्ये ऑपरेटर बाई, आणि बोलायचं मिरगीच्या गोळ्यांबद्दल. मोरोपंतांची जीभ त्या शब्दापाशी आली आणि बैल पुलापाशी बिचकावा तशी बिचकली. "आमच्या कमलाकांतच्या त्या मिरगी... मिरगाच्या गोळ्या," ते म्हणाले.

आता मिरगाची गोळी वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिरग लागला की घरोघर गुळात हिंग कालवून त्याची गोळी खातात, पोटात वात धरू नये म्हणून. महादेवरावांना मोठं कौतुक वाटलं, की जर्मनीतल्या मुलालासुद्धा बाप मिरग चुकू देत नाही. शेजारी खुशालराव बसले होते. ते तिकडूनच ओरडले, की अमरावतीहून कायले आनता, आमच्या घरी गोदाबाई वळूनच राह्यली, डबाभर नेतो. महादेवरावांनी तो निरोप फोनवर दिला.

"आणि बाबा म्हणाले," सिंधू सांगत होती, "वा, मग प्रश्नच मिटला."

मोरोपंतांनी पेपरची घडी घातली.

"मी खोटं बोललो नाही," ते म्हणाले. "त्यांनी एक अर्थ घेतला. मी तो नाकारला नाही, एवढंच."

"बाबा, हिंग खाऊन मिरगी थांबते का?"

"शब्द जपून वापर."

"तो यंत्रात पडला म्हणजे कोणता शब्द वापरायचा, तेही आत्ताच ठरवून ठेवा."

मोरोपंत म्हणाले, की वीस वर्षांत त्याला मोठा झटका आलेला नाही, महिना-दोन महिन्यांनी काही बिघडत नाही, सिंधूचा अक्षता सोहळा होऊन जाऊ दे, मग बघू. हे त्यांनी इतक्या समजुतीच्या सुरात सांगितलं, की जणू मुलाच्या प्रकृतीला तारीख वाढवून मागताहेत आणि समोरचं न्यायासन दयाळू आहे.

अनुपमानं टेबलाचा खण ओढला. पुडा सोडलेला होता. बाटलीवरचं लेबल पाण्यानं भिजवून, नखानं खरवडून साफ केलेलं. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. ती चुलीत गेली, सिंधू म्हणाली. तिनं बाटली आणि पुड्याचा कागद उचलून पिशवीत टाकला. आयुष्यात कधी तिनं वडिलांना शिवी दिली नव्हती. त्या दिवशीही दिली नाही, कारण दातांवर दात इतके घट्ट बसले होते की शिवीला बाहेर यायला फट नव्हती.

ती सिंधूकडे वळली. तिला काही सांगायचं होतं, की मी गेले तर तुझ्या लग्नाचं काय होईल कोण जाणे, वगैरे. सिंधू म्हणाली, "ताई, बडनेऱ्याला मुंबईची मेल साडेचारला येते. टांगा बघू?"

ज्या गाडीत खुशालराव अकोल्याला चढणार, तीच गाडी अनुपमानं बडनेऱ्याला पकडली. तिसऱ्या वर्गात, दाराशी उभी. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्यात तो शब्द आला की आपलीही जीभ अडखळते आहे हे तिच्या ध्यानात आलं. वीस वर्षं तीही त्याच घरात जेवली होती. याचा तिला जो संताप आला, तो वडिलांवरच्या संतापाहून रतीभरही कमी नव्हता.

अकोल्याच्या फलाटावर खुशालराव गळ्यापर्यंत हारांत बुडाले होते. धोतरावर नवा कोट, डोक्याला फेटा. भोवती सारं हिवरखेड लोटलेलं. डाव्या हाताला महादेवराव, आणि उजव्या हातात पितळी डबा. हिंगाचा वास पहिल्या वर्गाच्या डब्यात आधीच जाऊन बसला होता. आतला एक पारशी गृहस्थ रुमाल नाकाला लावून खिडकीशी आला होता.

अनुपमानं गर्दीतून वाट काढली. आपण मोरोपंतांची मुलगी, हे कमलाकांतचं औषध, असं म्हणून बाटली पुढं केली.

"बाई, कायले तकलीफ घेतली," खुशालराव म्हणाले. "हे पाहा, मिरगाच्या गोळ्या. गोदाबाईनं सोताच्या हातानं वळल्या. तिकडच्या थंडीत याच कामी येतात."

"या गोळ्या वेगळ्या आहेत. याही न्या."

बाटली घ्यायला खुशालरावांनी हात लांबवला, तो महादेवरावांनी मध्येच अडवला. त्यांनी बाटली उजेडात धरली. ना लेबल, ना चिठ्ठी. वकीलच ते. म्हणाले, "खुशालराव, असलं काही नेऊ नका. विमानतळावर अफू म्हणून धरतील. अनुपमाताई, हे औषध कशावरचं?"

गार्डानं शिटी फुंकली. अनुपमाला दिसलं, की वडिलांनी कसलं शहाणपण केलं होतं. शब्द खरवडून काढला, म्हणून आता तो फलाटावर, व्याह्यांच्या तोंडावर, अख्ख्या हिवरखेडासमोर उच्चारावा लागत होता.

"मिरगीवरचं," ती म्हणाली. "माझ्या भावाला मिरगी आहे. लहानपणापासून. या गोळ्या नाही घेतल्या तर तो पडतो, आणि तो यंत्रांवर काम करतो. चिठ्ठी वडिलांनी जाळली. कुठं दुसरी करून घ्यायची असेल तर मुंबईत कोणीही डॉक्टर या गोळ्या ओळखेल, नाव फेनोबार्बिटोन. द्या पेन, मी लिहून देते."

तिनं महादेवरावांच्याच खिशातलं पेन ओढून घेतलं आणि पुड्याच्या कागदावर लिहून तो बाटलीला गुंडाळला. खुशालरावांनी बाटली हातात घेतली, जरा विचार केला.

"हे दुखनं दुसऱ्याच्या अंगाले तर नाही लागत ना?"

"नाही."

"कांदा हुंगवला होता काय? जोडा?"

"सगळं करून झालं, दादा. गोळ्याच लागतात."

"मंग नेतो," खुशालराव म्हणाले, आणि बाटली कोटाच्या आतल्या खिशात घातली. "अन् गोळ्यानं नाही भागलं, त जोडा हायेच पायात."

"आणि त्याला सांगा," गाडी हलली तसं अनुपमा चालू लागली, "तिथल्या डॉक्टरला स्वतःच्या तोंडानं सांग म्हणावं. नाही सांगितलं तर मी कारखान्याला तार करीन."

खुशालरावांनी मान हलवली. ती कळल्याची होती की हार टोचत होते म्हणून, हे समजायच्या आत गाडी निघून गेली.

महादेवराव चष्मा पुसत होते. म्हणाले, मोरोपंतांनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं.

"त्यांनी ते अजून स्वतःलाही सांगितलेलं नाही," अनुपमा म्हणाली. पेन त्यांना परत दिलं आणि ती परतीच्या गाडीची चौकशी करायला गेली.

सकाळी घरी पोचली तेव्हा मोरोपंत दारातच होते. त्यांनी विचारलं, कोण कोण होतं तिथं? कोणाच्या कानावर गेलं? अनुपमा चपला न काढता उभी राहिली.

"गोळ्या पोचतील का, हे विचारा. एकदा तरी विचारा. नंतर मी कोण कोण होतं त्यांची नावं सांगते, हिवरखेडच्या पोलीस पाटलापासून."

मोरोपंतांनी विचारलं नाही.

आठ दिवसांत महादेवरावांना सिंधूच्या पत्रिकेत मंगळ सापडला. दोनदा जुळलेल्या पत्रिकेत तो इतके दिवस कुठं दडून बसला होता, हे ज्योतिषी आणि मंगळच जाणे. सिंधू एक संध्याकाळ स्वयंपाकघराचं दार लावून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं पोळ्या नेहमीसारख्याच केल्या, पण ताईशी बोलली तिसऱ्या दिवशी.

कमलाकांतची खुशाली आली. गोळ्या वेळेत मिळाल्या होत्या. डॉक्टरला त्यानं सांगितलं नव्हतं. उलट ताईवर रुसला होता, की खुशालरावांसारख्या परक्या माणसाजवळ घरचं बोलायची काय गरज होती. ते तिथल्या हॉटेलात सगळ्या शिष्टमंडळासमोर त्याला जोडा दाखवून विचारत होते, लागते काय म्हणून.

अनुपमानं तो कागद तीनदा वाचला. मग दवाखान्यात जाऊन तिनं आणखी गोळ्या आणि नवी चिठ्ठी आणली. या वेळी हवाई पार्सलाला वेळ होता. तिनं वरच्या कागदावर पत्ता घातला आणि त्याखाली, आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, आणि कारकुनाची गैरसोय नको म्हणून मराठीतही. पार्सल वडिलांच्या मांडीवर ठेवलं.

"माझी शाळा सुरू झाली. पोस्टात तुम्ही जायचं. नाही गेलात तर मी रजा काढून जाईन, आणि रांगेतल्या लोकांना वाचून दाखवीन."

मोरोपंत गेले. जुलै लागला होता, त्या दिवशी ना ऊन ना पाऊस, तरी डोक्यावर छत्री, आणि पार्सल छातीशी, अक्षरांची बाजू आत. पोस्टात निम्मी अमरावती उभी होती. दोन अशील होते, एक निवृत्त मुन्सफ होते. खिडकीशी नंबर आला तेव्हा मोरोपंतांनी पार्सल काट्यावर ठेवलं, पण वरचा पंजा उचलला नाही.

कारकून काट्याकडे बघत राहिला.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "हात काढा. हाताचंबी वजन लागून राह्यलं."