बारा एचपीचा संशय

मी टर्बो बोलतोय. माझ्या पोटातल्या दोन्ही चाकांची शपथ, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे आणि दोन्ही चाकं शाबूत आहेत. शाबूत म्हणजे, एका चाकाच्या एका पात्याचं टोक उडालंय. तेवढं सोडून बाकी शपथ धरा.

माझं काम सोपं. इंजिनाचा वाया जाणारा धूर माझं एक चाक फिरवतो. त्याच दांडीवरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, जाळ जास्त, जोर जास्त. आयुष्याची पहिली बारा वर्षं मी एका छोट्या डिझेल मोटारीत काढली. ती मोडीत निघाली आणि मी जालन्याच्या भंगारात येऊन पडलो. इथं भंगार फार दिवस पडून राहत नाही. भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर येतं. मला कुणाच्या तरी घराच्या कॉलममध्ये जन्मभर ताठ उभं राहायचं नव्हतं. म्हणून फहीम मेस्त्री ढिगाशी आला तेव्हा मी उन्हात जरा जास्तच चकाकलो.

त्यानं मला बॅटरी मारून पाहिलं, दांडी हलवून पाहिली, धुतलं आणि फळीवर ठेवलं. तिथंच मला वाटूरच्या कल्याणनं पाहिलं. त्याच्याकडे आठशे सीसीची पांढरी गाडी, सत्तेचाळीस एचपीची. गाडी चालवायची त्याची बायको शीतल. ती परतूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. चार माणसं बसली की चढाला एसी बंद करावा लागायचा, आणि ते कल्याणच्या फार जिव्हारी लागायचं.

"फहीमभाई, हे बसवल्यावर किती वाढंल?"

"बारा. त्याच्यावर दाब दिला तर इंजिनची खैर न्हाई."

कल्याण गालात हसला. त्याच्या विहिरीवरच्या मोटरीला वीजबिल कमी यावं म्हणून पाटी तीन एचपीची आहे आणि आत मोटर पाचाची. सबंध शिवारात तीच रीत. त्यामुळे सांगितलेल्या आकड्याच्या पाठीमागं खरा आकडा दडून बसलेला असतो, हे त्यानं लहानपणापासून गृहीत धरलेलं.

"बारा म्हणून राह्यले म्हंजे पंचवीस तरी असंल."

सोबत शीतल होती आणि त्याचे चुलते बद्रीनाथकाका होते. काकांचा संशय उलट्या बाजूचा. "इकणारा बारा म्हणतो म्हंजे चार असतील. माझी हयात गेली बाजारात."

"काका, खरं बोललं तर कोणी मानतच न्हाई," फहीम म्हणाला. "पुढच्या टायमाला मी सीधा चाळीस सांगतो."

"बघा," कल्याण काकांना हळूच म्हणाला, "निघाले का चाळीस."

शीतलचा विश्वास तिघांवरही नव्हता. ती म्हणाली, "मोजून घेऊ. हे बसवायच्या आधी मोजायचं आणि बसवल्यावर मोजायचं. वजन तेच, वेग तोच. वेळ जितका कमी लागंल, तितका जोर जास्त."

मग गाडी चौघांसकट वजनकाट्यावर चढली. मोकळा, सरळ रस्ता बघून शीतलनं तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून सत्तरवर नेली. दहा सेकंद. फहीमनं मला बसवलं, पुन्हा काटा. या खेपेला काका जेवून आल्ते, म्हणून कल्याणनं त्यांच्या हातातली पाण्याची बाटली खाली ठेवायला लावली. पुन्हा तोच रस्ता. आठ सेकंद.

शीतलनं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार-भागाकार केला. "पावणेएकोणसाठ. म्हणजे वाढले पावणेबारा."

"काका, तुमचा अंगठा उशिरा पडला," कल्याण म्हणाला. मोबाइलचं घड्याळ काकांकडे होतं.

"लवकर पडला असंल. मंग तर चारच."

"पाव एचपी काकांच्या अंगठ्यात ऱ्हायला," फहीम म्हणाला, "बाकी बराबर."

माझ्या बाजूला दाबाचा एक स्क्रू असतो. तो पिळला की मी जास्त हवा कोंबतो. शीतलनं पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि त्या स्क्रूवरून नटावर एक लाल रेघ ओढली.

"भरोसा न्हाई का माझ्यावर?" कल्याणनं विचारलं.

"आहे ना. त्याच्यावर सही केली."

आठ दिवस मी तिला परतूरला नेलं-आणलं. एसी चालू ठेवून. नवव्या दिवशी संध्याकाळी कल्याण पाना घेऊन आला. "लपवून ठेवलेले बाहेर काढ," असं मला म्हणाला आणि त्यानं अर्धा आटा पिळला. मग गाडी चालू केली, ढणाढणा रेस दिली, आणि माझ्या पात्याचं टोक कटकन उडालं.

सकाळी शीतलनं बॉनेट उघडलं. लाल रेघ मधून तुटलेली. तिनं बॉनेट लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली आणि एसटीनं शाळेत गेली.

शाळा सुटल्यावर दोघांच्या देखत फहीमनं मला उतरवून खोललं. टोक उडालेलं पातं त्यानं उजेडात धरलं. मग म्हणाला, "हे चाक असंच फिरलं असतं तर चालत्या गाडीत फुटलं असतं. मॅडम आत असत्या."

"अर्धा आटाच पिळला हो," कल्याण म्हणाला. "गाडी चालू बी न्हाई केली. शीतल आली म्हणून बॉनेट लावून घेतलं."

"रोज मी बसते त्याच्यात," शीतल म्हणाली. "तुम्ही आकड्याला खोटं म्हणा. मला विचारायचं तरी."

तेव्हापासून गाडी पुन्हा सत्तेचाळीसवर आहे, किल्ली पर्समध्ये आहे आणि कल्याण शेजारच्या सीटवर मुकाट बसतो. मी शाळेत, विज्ञानाच्या टेबलावर. पोरं फुंकर मारून माझं चाक फिरवतात.

आता शपथेचं बघू. एक गोष्ट मी रचली. कल्याणनं गाडी चालू केलीच नव्हती. ती रेस मी पदरची घातली. माझं पातं भंगारातच उडालं होतं, अंगावर पाइप पडला तेव्हा. फहीमनं बॅटरी मारली तेव्हा तेवढं पातं मी तेलकट काळोखात वळवून धरलं होतं. सळई व्हायची भीती होती. त्या आठ दिवसांत ती बाई त्याच पात्यावर परतूरला जाऊन आली. त्यांनी आकड्यावर संशय घेतला, अंगठ्यावर घेतला, एकमेकांवर घेतला. माझ्यावर कुणीच घेतला नाही.

वाटूरला गेलात तर शीतलबाईंना सांगा: अर्धा आटा कल्याणचा, पातं माझं. आणि कल्याणला सांगा, बारा खरे होते. पावणेबारा.