पहिलं दळण

पद्माबाईंनी आपल्या गिरणीत चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि परातीतल्या हळदीतून ते सावकाश फिरवलं. जुन्या स्पीकरातून काढलेलं, तळहाताएवढं चुंबक. वर काढलं तेव्हा पिशवीला बारीक काळी लव चिकटली होती.

"अगं बया! लोखंड उतरलं की," त्या लेकीला म्हणाल्या. "नवी पाती बसवली की पयलं दळण घरचंच टाकायचं असतं. काल घाईत इसरले बघ."

दीक्षा पोत्यावर बसून मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघत होती. पुण्याच्या प्रयोगशाळेतून चार दिवसांसाठी ती कुरुंद्याला आली होती. आज पाच वाजता तिचे सर तिचा शोधनिबंध छापायला पाठवणार होते. त्यावर पहिलं नाव तिचं. पद्माबाईंनी ही बातमी गिरणीत येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवली होती, कुणी विचारो न विचारो.

शोध काय, तेही दीक्षानं आईला पोळ्या लाटताना सांगितलं होतं. "हा धातू तुझ्या पोळीसारखा पदरापदरानं सुटतो. जाड असला की चुंबकाला विचारत बी न्हाई. एकच पदर येगळा काढला की सोताच चुंबक होतो. काहून होतो, ते मी लिहिलंय."

तेवढ्यात शेजारच्या आशाबाई पिशवी घेऊन आल्या.

"झालं का वं माझं दळण?"

"न्हाई. पात्याचं लोखंड उतरलं त्यात. चूक माझी हाय. माझ्या घरची हळद दळून देते, सांजेला ने."

"पाच किलो हाय की वं! चुंबक फिरव आन् दे. कोनाला दिसून राहिलंय?"

"मला दिसलं ना."

आशाबाई हसल्या. "बरं बाई. अन् पोरीचं नाव कधी छापून येनार?"

"आज जानार हाय कागद. सांजेला पेढे बी ने."

त्या गेल्यावर पद्माबाईंनी परात उचलून बाजूला ठेवली आणि सहज विचारलं, "एवढे पातळ पदर तुमी उचलता कशानं?"

"चिमट्यानं."

"कशाचा असतोय?"

"प्लॅस्टिकचा." दीक्षाची बोटं थांबली. मग ती म्हणाली, "तीन पदर पोलादाच्या चिमट्यानं उचलले. त्या दिवशी प्लॅस्टिकचा मोडला होता."

"आन् चुंबक झाले ते कोनते?"

दोन आठवड्यांपूर्वी वही चाळताना हाच प्रश्न दीक्षाला पडला होता. चिमटा स्वच्छ होता, त्याचं लोखंड पदरांना लागलं नसणार, असं स्वतःला बजावून तिनं वही मिटली होती. त्यानंतर तिला धड झोप लागली नव्हती.

"तेच तीन." तिनं लॅपटॉप मिटला. "आई, समदं लिहून झालंय. आता सांगितलं तर वरीसभराचं काम पुन्हा. अन् मग काही निघंल, न्हाई बी निघनार. तू तर गावभर सांगून बसलीस!"

पद्माबाईंचा जीव तुटला. जाऊ दे गं, तिकडं कोण बघतंय, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. लेकीच्या पाठीवर हात ठेवला, तर कुर्त्यावर पाच पिवळी बोटं उमटली.

"साडेतीन वाजले," एवढंच त्या म्हणाल्या.

दीक्षा मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेली. पद्माबाईंनी गिरणी सुरू केली नाही.

"सर, निबंध पाठवू नका," तिचा आवाज आत ऐकू आला. "ते तीन नमुने मी स्टीलच्या चिमट्यानं उचलले होते. हो सर. मला आधीच माहीत होतं."

ती आत आली तेव्हा डोळे लाल होते.

"रागावले का?"

"लई. मग म्हणाले, नवीन चिमटा मागवतो. सोमवारी ये."

संध्याकाळी आशाबाई आल्या. पाच किलोची पिशवी तयार होती.

"पेढे कुठं हायत वं? गेला का कागद?"

दीक्षानं मान खाली घातली. पद्माबाईंनी पिशवीच्या तोंडाला सुतळीची गाठ मारली.

"न्हाई गेला. पयलं दळण होतं ते, आशाबाई. तिनं सोताच बाजूला काढलं."

दुपारच्याच तोऱ्यात त्यांनी सांगितलं.