इर्याच्या खोलीतली रेंज

"पडशील रे आर्वो! स्टुलावर चढलायस ना?" आतल्या खोलीतून इर्या ओरडली.

"चढलोय कुठे? उभा आहे."

तो स्टुलावरच होता. छताजवळच्या दांड्याला, जिथे पूर्वी राय धान्याच्या भाकऱ्या वाळत घालायचे, तिथे त्याने सुतळीने राउटर टांगला होता.

"बघ आता. टॅबवर किती रेषा दिसतात?"

"रेषा दिसत असत्या तर तुझं थोबाड नसतं दिसलं? ये आणि तूच बघ."

इर्याच्या नजरेच्या मधोमध चार वर्षांपासून काळा डाग होता. कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यात नोव्हेंबरात बर्फावर घसरून खुबा मोडला आणि ती अंथरुणाला खिळली. आर्वोने आत जाऊन बघितलं. एक रेष. तीही येऊन-जाऊन.

शुक्रवारचे सव्वाआठ वाजले होते. दहा वाजता मेर्वीचा कॉल यायचा होता. मेर्वी म्हणजे तालुक्याच्या आरोग्य केंद्रातली नर्स. थंडीत दर खेपेला साठ किलोमीटर येणं परवडत नाही, म्हणून ती दिवसाआड टॅबवर येऊन इर्याच्या गोळ्या आणि ऑपरेशनची जखम बघायची. हा आठवडा चाचणीचा होता. तीन कॉल चुकले तर इर्याची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात. दोन आधीच चुकले होते. आर्वोला चार रात्री झोप नव्हती, आणि घास गिळतानाही त्याचं लक्ष त्या टॅबकडे असायचं.

राउटर लावणाऱ्या पोराने फोनवर सांगितलं होतं, घराच्या मध्यावर ठेवा आणि उंचावर ठेवा. सांगायला काय जातंय! आमच्या गावातल्या घरांच्या मध्यावर घर उबदार ठेवणारी, छतापर्यंतची विटांची भट्टी असते. सोमवारी राउटर दाराशी बुटांच्या कपाटावर होता, तेव्हा मेर्वीचा आवाज आला आणि चित्र गोठलं. मग आर्वोने तो भट्टीच्या माथ्यावर ठेवला. बुधवारी पहाटे बाहेर उणे सव्वीस, म्हणून त्याने नेहमीपेक्षा दोन ओंडके जास्त घातले. नऊपर्यंत राउटर इतका तापला की बंदच पडला. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर आम्ही महिनाभर हसलो असतो. पण ती भट्टी आर्वोची होती.

आर्वो आमचा गवंडी. गावातल्या निम्म्या भट्ट्या त्याच्या हातच्या. बोलण्यात महाकंजूष, पण त्याने बांधलेल्या भट्टीला कधी तडा गेला नाही. चौऱ्याहत्तर साली इर्याशी लग्न झालं तेव्हा त्याने स्वतःच्या घरात सगळ्यात जाड भट्टी बांधली आणि तिला लागून निजायच्या खोलीची दुहेरी विटांची भिंत. तिला थंडी सोसत नाही म्हणून. त्या भिंतीतून आता काहीच पलीकडे जात नव्हतं.

तो स्टुलावरून उतरला आणि शेडमधून छिन्नी-हातोडी घेऊन आला.

"काय करतोस?" पहिल्या ठोक्याला इर्या दचकली.

"भिंत फोडतो. भट्टीपासून हातभर लांब. चार विटा."

"वेड लागलंय का? स्वतः बांधलेली भिंत!"

"म्हणूनच फुटत नाही."

"नीट बोल की. तोंडात काय धरलंयस?"

"खिळा."

विटा हलायला तयार नव्हत्या. डाव्या हातातून छिन्नी तीनदा निसटली. तो ती उचलायचा, मूठ चोळायचा, पुन्हा लावायचा. पावणेदहाला चौथी वीट निघाली. त्याने तिथल्या तिथे धूळ पुसली आणि भगदाडातच राउटर ठेवला. टॅबवर चारही रेषा आल्या.

"आलं," तो म्हणाला आणि इर्याच्या पलंगावर मटकन बसला.

बरोबर दहाला मेर्वी आली. "अगंबाई! आज तर सिनेमासारखं दिसतंय. इर्या, गोळी घेतली? जखम दाखवा बरं. छान सुकतेय. आर्वो, तुम्ही कुठे लपलात? पुढे या, शाबासकी तुमचीच."

आर्वो वाकून पुढे झाला. मेर्वीचं हसू थांबलं.

"आर्वो, हसून दाखवा."

"हसायला काय झालं?"

"हसा म्हणते ना."

तो अर्ध्या तोंडाने हसला.

"दोन्ही हात समोर धरा. तसेच ठेवा." उजवा राहिला. डावा हळूहळू मांडीवर आला. "हे कधीपासून?"

"थंडी आहे."

"कधीपासून, आर्वो?"

"मंगळवारपासून."

"काय झालंय? मला सांगेल का कुणी?" इर्या चिडून म्हणाली.

"तोंड जरा वाकडं झालंय," आर्वो म्हणाला.

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर मला दवाखान्यात नेलं असतं. मग तुला इथे कोण ठेवणार? तुला दिसत नव्हतं, म्हटलं बरंच आहे."

 

मेर्वीने दुसऱ्या फोनवर गाडी मागवली. रस्त्यात बर्फ होतं, चाळीस मिनिटं लागणार होती. "दोघांनाही आणायला सांगितलंय," ती म्हणाली. "इर्याची सोय वृद्धाश्रमात करते. तुम्ही बरे होईपर्यंत." वृद्धाश्रम हा शब्द तिलाही जड गेला असावा, कारण तिने तो उच्चारताना खाली बघितलं.

"रेंज तर आली होती," आर्वो म्हणाला.

"आली म्हणूनच दिसलं, आर्वो. आडवे व्हा. मी कॉल बंद करणार नाही. इर्या, त्यांचा डावा हात हातात घ्या. मी मधूनमधून विचारेन, ते हात दाबतायत का ते सांगायचं."

इर्याने चाचपडत त्याचा हात शोधला. विटांच्या धुळीने तो खरखरीत झाला होता.

"दाबतायत?"

"हो."

दहा मिनिटांनी मेर्वीने पुन्हा विचारलं.

"थोडासा."

चित्र एकदाही अडखळलं नाही. आर्वोने डोळे मिटले होते, श्वास चालू होता. मेर्वीने तिसऱ्यांदा विचारलं.

इर्याने तो हात आणखी घट्ट धरला.

"तो नाही दाबत," ती म्हणाली. "मी दाबतेय."